विंडोज बदलली की मराठी जायची

मराठी मुद्रणाच्या धंद्यात ‘मराठी गेली’ हे दोन शब्द नव्वदच्या दशकापासून पुढची वीसेक वर्षे रोजच्या बोलण्यातले होते. संगणकावर नवी विंडोज टाकली, तो नीट सुरू झाला, पाने लावण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम उघडला, फाइलही उघडली. पण पानावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला, की ऑपरेटर एवढेच म्हणे आणि दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाई. संगणक बिघडलेला नसे, फाइलही बिघडलेली नसे. तरीही दिवाळी अंकाचे चौसष्ट पानांचे काम अडून बसे.

हे होण्याचे कारण त्या काळच्या मराठी मजकुराच्या घडणीतच होते. मजकूर पूर्णपणे फाइलमध्ये नव्हता. फाइलमध्ये फक्त आकडे होते, त्या आकड्यांना मराठी रूप देणारा फाँट वेगळा होता, कळा दाबल्यावर योग्य आकडे उमटवणारा कळफलकाचा प्रोग्राम तिसरा होता, आणि हा प्रोग्राम चालू द्यायचा की नाही हे ठरवणारे लॉक संगणकाच्या पाठीमागे लटकलेले असे. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की या साखळीतली एखादी तरी कडी निसटे. अक्षरजुळणीच्या दुकानांत दहा-पंधरा वर्षांचे जुने संगणक तसेच ठेवले जात, त्याचे कारण आळस किंवा कंजुषी हे नव्हते. त्या संगणकाबाहेर ती मराठी वाचताच येत नव्हती.

या गोंधळाच्या आधी एक सुव्यवस्थित टप्पा येऊन गेला होता, आणि त्याची आठवण ठेवायला हवी. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम तिथे आले. त्यातून निघालेले जिस्ट कार्ड डॉसवर चालणाऱ्या संगणकाच्या आत बसवले, की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी दिसू लागे. या व्यवस्थेचा पाया ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केली, आणि इन्स्क्रिप्ट हा कळफलकही त्याच मानकात आला. इस्कीमध्ये ‘क’ या अक्षराचा आकडा एकच होता, मग तो कोणत्याही वळणात दिसो. ‘क्त’ कसा काढायचा, वेलांटी कुठे ठेवायची, हे पाहणे कार्डाचे काम होते. साठवले जाई ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. पुढे युनिकोडने हेच तत्त्व स्वीकारले; त्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच बेतलेला आहे.

पण जिस्ट कार्ड डॉसच्या अक्षरी पडद्यासाठी होते. विंडोज पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः रंगवते. तिथे मध्ये पडायला कार्डाला जागाच उरली नाही. डॉसवरून विंडोजवर जाताना मराठी गेली, ती पहिली खेप. २०००च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवरून जुन्या पद्धतीचे आयएसए स्लॉट नाहीसे झाले, तेव्हा हे कार्ड बसवायलाही संगणक मिळेना. इस्कीत साठवलेल्या याद्या मात्र नंतर युनिकोडमध्ये फारशा झटापटीशिवाय नेता आल्या. विंडोज आल्यानंतरच्या पंधरा वर्षांत साठलेल्या मजकुराबद्दल असे म्हणता येत नाही.

एप्रिल १९९२मध्ये विंडोज ३.१ आली आणि तिच्यासोबत ट्रूटाइप फाँट आले. एकच फाँट पडद्यावर आणि कागदावर सारखा दिसू लागला. पेजमेकर हाताशी होता, लेझर प्रिंटर आवाक्यात येत होते. त्यावर बटर पेपरवर पान काढायचे, त्यावरून प्लेट बनवायची आणि ऑफसेटवर छापायचे, असा नवा धंदा गावोगाव उभा राहिला. खिळे जुळवणाऱ्या हातांची जागा ‘डीटीपी’ने घेतली. पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ हा जुना शब्द मात्र तसाच राहिला, तो आजही आहे.

विंडोजला तेव्हा देवनागरी ठाऊक नव्हती. म्हणून एक युक्ती काढली गेली: फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. विंडोजच्या लेखी ते इंग्रजीच राही, डोळ्यांना मराठी दिसे. अडचण जागेची होती. एका फाँटमध्ये २५६ घरे. त्यांतली पहिली ३२ नियंत्रणासाठी राखलेली, आणखी काही बेभरवशाची. देवनागरी हातजुळणीला शेकड्यांनी खिळे लागत. ते या घरांत मावावेत म्हणून अक्षरे फोडली गेली. ‘ग’ म्हणजे अर्धा ‘ग्’ आणि उभा दंड, ‘ण’ही तसाच. रफार वेगळा, वेलांट्या दोन-तीन रुंदींच्या, उकार दोन उंचींचे. अशा तुकड्यांतून प्रत्येक अक्षर पानावर सांधले जाई.

तुकडे कोणत्या घरात ठेवायचे याबाबत एकवाक्यता नव्हती. सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची वेगळी, बंगळूरहून आलेल्या आकृतीची वेगळी. हिंदी पट्ट्यात सर्वाधिक रूढ झालेल्या कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये साठवली जातात ती इंग्रजी अक्षरे: लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच. फाँट काढून घेतला की पडद्यावर हीच पाच अक्षरे उरतात. दुसऱ्या कंपनीचा मराठी फाँट लावला, तर ती पाच अक्षरे मराठीच्या भलत्याच पाच तुकड्यांत दिसतात. मोठ्या वर्तमानपत्रांनीही आपापले फाँट करून घेतले. बाजार लहान, चोरून प्रती काढण्याचे प्रमाण मोठे. आपली मांडणी आपल्यापुरती ठेवण्यात विक्रेत्यांना संरक्षण दिसले असेल. त्याची किंमत मात्र मजकुराने मोजली.

लॉकचा उगमही याच भीतीत होता. सॉफ्टवेअरची फ्लॉपी किंवा सीडी कोणीही उतरवून घेई, म्हणून सोबत आगपेटीएवढा एक ठोकळा दिला जाई. त्याला डोंगल म्हणत, दुकानात नुसते ‘लॉक’. ते संगणकाच्या पाठीमागच्या २५ पिनांच्या समांतर पोर्टात, म्हणजे प्रिंटरच्या जागी बसे, आणि प्रिंटरची केबल लॉकच्या पाठीत खोचावी लागे. प्रोग्राम सुरू होताना लॉकला प्रश्न विचारी. उत्तर आले नाही तर मराठी टाइप होत नसे. लॉकच्या तक्रारींचा स्वतंत्र अभ्यास दुरुस्तीवाल्यांना करावा लागला. प्रिंटर बंद असला की काही लॉक सापडत नसत, चालू केला की सापडत. बायोसमध्ये समांतर पोर्टाच्या दोन-तीन पद्धती असत. ती पद्धत बदलून पाहिली, की मेलेले समजलेले लॉक पुन्हा उत्तर देऊ लागे. पिना वाकल्या असतील तर त्या टाचणीने सरळ करणे हा तर दुरुस्तीचा पहिला धडा होता.

विंडोज ९५ ऑगस्ट १९९५मध्ये आली आणि विंडोज ९८ जून १९९८मध्ये. या बदलांत मराठी पूर्णपणे जात नसे, तिला भोके पडत. त्यांतले एक कारण फार चमत्कारिक होते. युरोप खंडाचे नवे चलन येऊ घातले होते, म्हणून विंडोजच्या पाश्चात्त्य अक्षरतक्त्यात १२८व्या घरात युरोचे चिन्ह बसवले गेले. त्याआधी हे घर रिकामे होते. ज्या फाँटने त्या घरात एखादे जोडाक्षर ठेवले होते, त्याचे ते जोडाक्षर नव्या विंडोजवर काही प्रोग्रामांत दिसेनासे होई. बाकी पान ठीक, फक्त एकच अक्षर सगळीकडून गळालेले, अशी प्रुफे मुद्रितशोधकांच्या टेबलावर येत. ऑपरेटरची चूक समजून ती पेन्सिलीने दुरुस्त होत, आणि पुढच्या प्रुफात चूक जशीच्या तशी परत येई.

वर्डने आणखी एक अडचण आणली. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय इंग्रजीसाठी उपयोगी होती. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे पूर्ण ‘म’, मोठा ई म्हणजे अर्धा ‘म्’. परिच्छेद ‘मराठी’ने सुरू झाला आणि पुढचा शब्द टाइप करायला घेतला, की वर्ड पहिले अक्षर मोठे करी आणि ‘म’चा दंड गळून पडे. सरळ अवतरणचिन्हाचे वाकडे चिन्ह करण्याच्या सोयीनेही असेच होई. उपाय सोपा होता: ऑटोकरेक्टच्या खिडकीतल्या सगळ्या खुणा काढून टाकणे. पण नवी विंडोज, नवे ऑफिस टाकले की त्या खुणा परत लागलेल्या असत, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याचा सारा दिवस परिच्छेदांची पहिली अक्षरे दुरुस्त करण्यात जाई.

खरी पडझड विंडोज ९८वरून विंडोज २००० किंवा एक्सपीवर जाताना झाली. विंडोज २००० फेब्रुवारी २०००मध्ये आणि एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये बाजारात आली. वरून दोन्ही आधीच्यासारख्याच दिसत, आतली बांधणी मात्र वेगळी, एनटी घराण्याची होती. विंडोज ९८पर्यंत एखादा प्रोग्राम थेट कळफलकात किंवा पोर्टात हात घालू शके. एनटी घराण्यात तशी मुभा नव्हती. जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर तिथे चालत नसत. म्हणजे कळफलकाचा प्रोग्रामही गेला आणि लॉकशी बोलणेही थांबले. फाँट तेवढे चालत. त्यामुळे या खेपेला फाइल वाचता येई, छापता येई, पण तिच्यात एक अक्षरही टाइप करता येत नसे. विक्रेत्याकडून नवा ड्रायव्हर आणावा लागे. तो टाकण्याचाही क्रम होता: लॉक काढायचे, ड्रायव्हर टाकायचा, संगणक बंद करायचा, लॉक लावायचे, मग सुरू करायचा. हा क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

अशा कामांतून एक निदानपद्धती तयार झाली. ती कुठल्या पुस्तकात छापलेली नव्हती. एकाकडून दुसऱ्याकडे गेली. अनुभवी माणूस संगणकाला हात लावण्याआधी पडद्याकडे बघे, कारण मराठी कशी गेली आहे यावरून काय गेले आहे ते कळे. पानभर इंग्रजी अक्षरे दिसत असतील तर फाँट नाही. फॉरमॅट मारताना फाँटचे फोल्डर आधी उतरवून घेतलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेजमेकर अशा वेळी उघडतानाच हरवलेल्या फाँटांची यादी दाखवी आणि त्यांच्या जागी काय घालू असे विचारी. घाईत ‘ओके’ दाबून फाइल सेव्ह केली, तर फाँटचे नावच फाइलमधून पुसले जाण्याचा धोका असे, म्हणून शहाणा ऑपरेटर त्या यादीचा आधी प्रिंट काढून ठेवी. मराठी अक्षरे दिसतात पण अर्थ लागत नाही, असे असेल तर फाँट आहे, पण चुकीच्या घराण्याचा. काही ठरावीक अक्षरेच गळालेली असतील तर अक्षरतक्त्यातली घरे हलली आहेत. सगळीकडे चौकोनी डबे असतील तर मजकूर युनिकोडमधला आहे आणि फाँटमध्ये देवनागरी नाही. आणि अक्षरे ओळखू येतात पण वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली आहे, जोडाक्षरे सुटून मध्ये हलन्त दिसत आहेत, असे असेल तर फाँट आणि मजकूर दोन्ही शाबूत आहेत, फक्त जोडणारे यंत्र झोपलेले आहे.

हे शेवटचे लक्षण विंडोज २०००पूर्वी कोणी पाहिलेच नव्हते. ज्या बदलाने जुनी मराठी घालवली, त्याच बदलाने विंडोजमध्ये पहिल्यांदा खरी देवनागरी आली. विंडोज २०००मध्ये देवनागरी आणि तमिळ या लिप्यांची सोय होती. युनिकोडमध्ये ‘क’ला पुन्हा एकच आकडा मिळाला, आणि जोडाक्षरे बांधण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतल्या एका भागाकडे गेले. यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार आणि अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांचा. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत त्यांनी भारतीय लिप्यांच्या फाँटांचे मोठे काम केले. लक्षावधी मराठी माणसांनी संगणकावर पाहिलेले पहिले युनिकोड अक्षर त्यांच्या हातचे होते. ही गोष्ट मराठी जगात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

एक्सपीमध्ये मात्र ही सोय मुळात बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश आणि भाषांच्या खिडकीत एक खूण करावी लागे. त्या खुणेच्या इंग्रजी मजकुरात गुंतागुंतीच्या लिप्यांचा, उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांचा आणि थाईचा उल्लेख होता. मराठीचे किंवा देवनागरीचे नाव नव्हते. थाई भाषेची सोय आपल्याला कशाला, म्हणून कित्येकांनी ती खूण केलीच नाही. केली तरी संगणक एक्सपीची सीडी मागे, आणि बाजारातून जुळवून आणलेल्या संगणकासोबत ती सीडी बहुधा नसेच. म्हणून दुरुस्तीवाल्यांच्या पिशवीत सीडीतले ‘आय-३८६’ हे फोल्डर पेन ड्राइव्हवर कायम असे. व्हिस्टा जानेवारी २००७मध्ये आली तेव्हापासून ही सोय आपोआप चालू राहू लागली आणि वेलांटी उजवीकडे पडण्याचा आजार संपला.

मराठीच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोन-तीन अडचणी पुढेही राहिल्या. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोध घेताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. जुन्या संगणकावर एका कळफलकाने टाइप केलेल्या कादंबरीत नव्या संगणकावरून ‘दुसऱ्या’ शोधला की ‘सापडला नाही’ असे उत्तर येई, आणि शब्द तर समोर दिसत असे. ‘ॲ’ची कथा अशीच. या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८मध्ये. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई. नव्या संगणकावर लिहिलेला ‘ॲसिड’ एक्सपीवर गेला की पहिल्या अक्षराचा डबा होई. मंगलमधल्या ‘ल’ आणि ‘श’चे वळण मराठी पाठ्यपुस्तकांतल्या वळणाहून वेगळे होते, हीही नित्याची तक्रार होती. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीची प्रमाण अक्षररूपे ठरवून दिली आणि पुढच्या फाँटकर्त्यांना त्याचा आधार झाला.

टंकलेखकांची अडचण निराळी होती. विंडोजने मराठीसाठी दिलेला कळफलक इन्स्क्रिप्ट होता. सरकारमान्य परीक्षा देऊन मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग कमावलेली माणसे टाइपरायटरच्या कळफलकावर घडलेली होती. आधी वेलांटी, मग अक्षर, ही त्यांची बोटांची सवय. युनिकोडला आधी अक्षर, मग वेलांटी हवी. त्यांच्यासाठी टाइपरायटरचा कळफलक युनिकोडमध्ये उतरवणारे वेगळे प्रोग्राम आले, आणि विंडोज बदलली की तेही नव्याने टाकावे लागले.

इतके होऊनही छपाईचा धंदा युनिकोडकडे वळला नाही, आणि त्याला कारण होते. पेजमेकरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१मध्ये आली. तिला युनिकोड कळत नव्हते. मंगलमध्ये लिहिलेला मजकूर तिच्यात चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. पाने लावण्याचे इनडिझाइन हे दुसरे सॉफ्टवेअर बाजारात होते, पण त्याच्या सर्वसाधारण आवृत्तीत भारतीय लिप्यांची अधिकृत सोय आली २०१२मध्ये, सीएस-६ या आवृत्तीत. म्हणजे विंडोजला मराठी येऊ लागल्यापासून पान लावणाऱ्या प्रोग्रामला मराठी येईपर्यंत बारा वर्षे गेली. लेखक युनिकोडमध्ये लिहून ईमेल करीत, आणि तोच मजकूर दुकानात जुन्या फाँटच्या आकड्यांत उलटा बदलून घ्यावा लागे किंवा सरळ पुन्हा टाइप करावा लागे. या बारा वर्षांतली मराठी पुस्तके मुख्यतः एक्सपी, पेजमेकर आणि लॉक या तिघांच्या जोरावर निघाली.

मधल्या काळात संगणक ६४ बिटांचे झाले. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे जुने प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, आणि व्हिस्टापासून तिला स्वाक्षरी केलेलेच ड्रायव्हर लागतात. जुन्या लॉकचे ड्रायव्हर तसे नव्हते. मदरबोर्डांवरून समांतर पोर्टही गेले. बाजारात यूएसबीला २५ पिनांचा पोर्ट जोडणारी केबल मिळे. ती फक्त प्रिंटरशी बोले, लॉक तिच्यातून सापडत नसे. विंडोज ७च्या प्रोफेशनल आवृत्तीत एक्सपी मोड नावाचा आभासी संगणक मिळाला, पण समांतर पोर्टाचे लॉक त्याला सहसा दिसत नसे. ज्यांच्याकडे यूएसबी लॉक होते आणि विक्रेत्याने नवी आवृत्ती काढली होती, त्यांचे निभावले. बाकीच्यांनी खोलीत दोन संगणक ठेवले: ईमेलसाठी नवा, मराठीसाठी जुना.

त्या जुन्या संगणकाला जपणे हे वेगळे काम होऊन बसले. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई आणि बायोसमधली पोर्टाची पद्धत मूळपदावर येई. मग लॉक सापडत नसे आणि दोष लॉकला दिला जाई. बॅटरी बदलून तारीख आणि पोर्ट पुन्हा लावले की काम चालू. २०००नंतरच्या काही वर्षांतल्या मदरबोर्डांवर फुगलेले कपॅसिटर ही दुसरी ओळखीची खूण होती: वरचा सपाट पत्रा घुमटासारखा उचललेला, कधी त्यातून तपकिरी द्रव ओघळलेला. ते सोल्डर करून बदलता येत. हार्ड डिस्क गेली तर जुन्या रुंद केबलची डिस्क शोधत मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठावा लागे. नव्या सॅटा डिस्कवर एक्सपी टाकू गेले तर सुरुवातीलाच निळा पडदा येई, कारण एक्सपीच्या सीडीत त्या पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता. बायोसमध्ये डिस्कला जुन्या आयडीई पद्धतीने चालवायला सांगितले की ती पुढे सरके. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली. दुकानांनी त्या संगणकांची इंटरनेटची वायर काढली आणि काम चालू ठेवले.

सीएस-६ आल्यावर जुन्या फाइली नव्या व्यवस्थेत नेण्याचा मार्ग खुला झाला, आणि तोही अरुंदच होता. पेजमेकरच्या ६ आणि ७ या आवृत्त्यांच्या फाइली इनडिझाइन सीएस-६पर्यंतच उघडते. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. भारतीय लिपी पहिल्यांदा समजणारी आणि पेजमेकरची फाइल शेवटची उघडणारी अशी ही एकच आवृत्ती. ती ज्यांच्या संगणकावर राहिली त्यांना पाने नव्याने लावावी लागली नाहीत.

पान उघडले तरी त्यातला मजकूर जुन्याच आकड्यांत असतो. तो युनिकोडमध्ये बदलणे हे खरे कष्टाचे काम. वरवर पाहता एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवायचा, इतकेच. ‘मार्मिक’ हा शब्द घेतला तर अडचण कळते. जुन्या फाँटमध्ये तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: म, काना, वेलांटी, म, रफार, क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम हवा: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. एकाच ‘म’च्या डावीकडची वेलांटी उजवीकडे न्यायची आणि उजवीकडचा रफार डावीकडे. हा बदल करणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे परिवर्तकाने, हे उलटसुलट केले की रफार मागच्या अक्षरावर बसतो किंवा वेलांटी निराधार राहून तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ‘ग’चा दंड आणि ‘गा’चा काना एकाच तुकड्याने काढलेला असला, तर कुठे दंड संपतो आणि कुठे काना सुरू होतो हे शेजारच्या तुकड्यांवरून ओळखावे लागते. ऑपरेटरने अक्षर सुबक दिसावे म्हणून अनुस्वार दोनदा दिलेला असतो, किंवा रुंद वेलांटीऐवजी अरुंद वापरलेली असते. कागदावर हे दिसत नाही, परिवर्तकाला अडखळवते. प्रत्येक फाँटघराण्यासाठी वेगळा परिवर्तक लागतो, म्हणून फाँटचे नेमके नाव आणि आवृत्ती माहीत असणे ही पहिली अट.

पीडीएफने काहींची समजूत घातली, पण अर्धीच. जुन्या फाँटमधून काढलेली पीडीएफ कोणत्याही संगणकावर बिनचूक दिसते, कारण फाँट तिच्या पोटात असतो. तिच्यातून परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की मात्र तोच इंग्रजी काला हातात येतो, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही.

विंडोज १०ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ३२ बिटांच्या रूपात मिळणारी, आणि म्हणून १६ बिटांचे प्रोग्राम अजून चालवू शकणारी ती शेवटची विंडोज. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि समांतर पोर्ट असलेला जुना संगणक तिच्या अटींत सहसा बसत नाही. आता जुना संगणक शेवटचा सुरू करताना जाणकार माणूस ठरावीक गोष्टी बाहेर काढतो: फाँटचे संपूर्ण फोल्डर, मूळ फाइली, प्रत्येक फाइलची पीडीएफ, आणि कोणत्या फाइलला कोणता फाँट याची हाताने लिहिलेली यादी. ही यादी ज्यांच्याकडे नाही, फाँट हरवले आहेत आणि लॉक मुके झाले आहे, त्यांनी वेगळी वाट धरली आहे. त्या फाइलवरून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक शोधायचे, ते स्कॅन करायचे आणि टेसरॅक्टसारख्या मराठी छापील अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून वाचून घ्यायचे. त्याने ‘ध’ आणि ‘घ’ यांत केलेल्या चुका दुरुस्त करायला पुन्हा मुद्रितशोधक बसतो.